‘गृहिणी’ ही नोंद बदलताना

पाळणाघर चालविणाऱ्या व्यक्तीचे पदनाम काय, हा प्रश्न मला कधी कोणी तोंडी विचारला नव्हता. तो एका छापील अर्जातील रकान्याच्या रूपाने माझ्यापुढे आला. माझ्याकडे येणाऱ्या दीड वर्षाच्या एका मुलीची आई हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करीत होती. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. आईला दिवसातून ४ वेळा तेथे जाऊन मुलाला भेटता आले पाहिजे, असेही त्या दुरुस्तीत म्हटले होते. कोथरूड-वारज्याकडे राहणाऱ्या आईने तान्हे मूल घेऊन रोज त्या रहदारीतून हिंजवडी गाठावी, ही कल्पना कागदावरच बरी दिसते. म्हणून या कंपनीने घराजवळच्या पाळणाघराच्या खर्चातील काही भाग भरून देण्याची योजना काढली होती आणि तिच्या अर्जात पाळणाघराचे नाव, नोंदणी क्रमांक, बँक खाते व ‘सेवा देणाऱ्या व्यक्तीचे पदनाम’ असे रकाने होते. अर्ज माझ्या हाती देताना त्या मुलीच्या आईने शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने ‘बेबीसिटर’ असे आधीच लिहून आणले होते. ‘चालेल ना, काकू?’ असे तिने विचारले.

तिच्या विचारण्यात तुच्छता नव्हती. तिला फक्त रकाना भरायचा होता. मला मात्र तो शब्द चालण्यासारखा नव्हता. बेबीसिटर ही आईवडील बाहेर गेले असता दोन-चार तास त्यांच्या घरी येऊन बसणारी व्यक्ती असते. माझ्या घरात सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत सात महिन्यांच्या बाळापासून शाळेतून परतणाऱ्या सात वर्षांच्या मुलापर्यंत सर्व वयाची मुले असतात. त्यांपैकी कोणाला अंडे चालत नाही, कोणाच्या अंगावर शेंगदाण्याने पित्त उठते, एकाला तापात झटका येऊन गेलेला आहे आणि म्हणून त्याच्या आईने लिहून दिलेले औषध व डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक स्वयंपाकघरातील फलकावर लावलेला असतो. झोपलेले बाळ उताणे आहे ना, त्याच्या तोंडावर दुपटे आलेले नाही ना, हे दुपारभर उठून उठून पाहावे लागते. अडीच वर्षांचा एक मुलगा नावाने हाक मारल्यावर वळत नाही, बोटाने वस्तू दाखवीत नाही, हे त्याच्या घरच्यांच्या आधी माझ्या लक्षात आले होते. ते त्यांना कोणत्या शब्दांत सांगावे याचा विचार मी आठवडाभर केला आणि मग त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे विकासतपासणीसाठी जाण्यास सुचविले. या कामासाठी मी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बालसंगोपन व शिक्षण पदविका अभ्यासक्रम हिंदी माध्यमातून पूर्ण केला आहे. त्यात बालसंगोपन सेवांचे आयोजन, बालकांचे आरोग्य व पोषण, विशेष गरजा असलेली मुले असे विषय आहेत आणि शेवटी प्रकल्पही करावा लागतो. हे सारे असूनही मला पेन्सिलीने लिहिलेले खोडून त्या जागी काय लिहावे, ते सुचेना. कारण माझ्या नावावर या व्यवसायाच्या नोंदीचा दाखविण्यासारखा कागदच नव्हता. दशकाहून अधिक काळ मी हे काम करीत होते, फी माझ्या बचत खात्यात जमा होत होती आणि त्या खात्याच्या केवायसी अर्जात ‘व्यवसाय’ या शब्दापुढे ‘गृहिणी’ असे लिहिलेले होते.

तो अर्ज मी ठेवून घेतला आणि आधी आपल्या कामाची रीतसर नोंद करायची, मग पदनाम लिहायचे, असे ठरविले.

पहिला अडथळा शासनाचा नव्हता, सोसायटीचा होता. गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींप्रमाणे सदनिकेचा राहण्याव्यतिरिक्त वापर करायचा असेल तर संस्थेची लेखी परवानगी घ्यावी लागते, म्हणून मी समितीला पत्र दिले. इतकी वर्षे सर्वांना माझे पाळणाघर माहीत होते. समितीतील दोघांची नातवंडे माझ्याकडे वाढली होती. पत्र मात्र सभेत वाचले गेले आणि एका सभासदांनी ‘निवासी इमारतीत धंदा कसा चालेल’ असा आक्षेप नोंदविला. त्याच इमारतीत तळमजल्यावर एका डॉक्टरांचे सल्लागृह होते आणि दुसऱ्या मजल्यावर एक सनदी लेखापाल घरूनच काम करीत होते. त्यांच्या कामाला कोणी धंदा म्हटले नव्हते. मी सभेत वाद घातला नाही. संस्थेच्या दप्तरात डॉक्टरांना दिलेल्या परवानगीची प्रत होती, तिच्यातील अटी जशाच्या तशा मला लावाव्यात, असे मी लेखी सुचविले. आवाज, पादत्राणे, लिफ्टचा वापर आणि मुलांना घ्यायला येणाऱ्यांच्या गाड्या, एवढ्या चार मुद्द्यांवर मला परवानगी मिळाली. गाड्यांचा मुद्दा माझ्यासाठी नवा जोडला होता, तो रास्तही होता.

याच सुमारास विजेच्या आकाराबद्दल कोणीतरी शंका काढली, म्हणून मी महावितरणचे दरपत्रक वाचले. घरातूनच आपला व्यवसाय करणारे वकील, डॉक्टर, अभियंते, सनदी लेखापाल यांच्या जागेला निवासी दर लागतो, असे त्यात व्यवसायांची नावे घेऊन म्हटले होते. इतर कोणी राहत्या घराच्या काही भागात काम करीत असेल, तर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांच्या आत वापर असल्यास त्यालाही तोच दर मिळतो. माझा वापर त्या मर्यादेत होता, त्यामुळे एका रुपयाचाही फरक पडला नाही. पण एका गटाला त्याच्या नावामुळे मिळणारी गोष्ट दुसऱ्या गटाला मीटरमधील आकड्यामुळे मिळते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तेच निरनिराळ्या रूपांत आढळत गेले.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ प्रमाणे त्या वेळी दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागत नव्हते. व्यवसाय सुरू असल्याची ऑनलाइन सूचना दिली की पोच मिळत असे. लोक तिलाही ‘शॉप अ‍ॅक्ट’च म्हणतात. अर्ज सोपा होता, पण त्याला जागेचे छायाचित्र जोडायचे होते आणि त्यात मराठी फलक दिसायला हवा होता. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही देवनागरीतील फलक सक्तीचा झाला होता. माझ्या दारावर तोपर्यंत आमच्या आडनावाची पाटी होती, एवढेच. आता फलक करायचा म्हणजे त्यावर कामाचे नाव लिहायला हवे, आणि नावाखाली स्वतःचे नाव लिहायचे झाल्यास त्यापुढे काहीतरी पद लिहायला हवे.

आमच्या भागात पाळणाघर चालविणाऱ्या काही जणी अधूनमधून भेटत असू. एखाद्या मुलाला गोवर-कांजिण्या झाल्या तर एकमेकींना कळविणे, मदतनीस सुटीवर गेली तर बदली शोधून देणे, अशी ती ओळख होती. फलकाचा विषय मी तेथे काढला आणि माझ्या अपेक्षेपेक्षा चर्चा बरीच तापली. एकीने ‘संचालिका’ असे लिहिले होते. तिच्या मते फी वाढवून मागताना त्या शब्दाचा उपयोग होतो. दुसरी स्वतःला ‘टीचर’ म्हणवून घेत असे, कारण तिच्या अनुभवाप्रमाणे पालक टीचरशी बोलताना चपला बाहेर काढून आत येतात आणि काकूंशी बोलताना गाडीतूनच हॉर्न वाजवितात. आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ बाईंना हे सारे अनाठायी वाटत होते. पाळणाघर हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या लोकांना कळतो, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आपण बालवाडी चालवीत नाही आणि चालवितो असे भासवूही नये, असे त्यांचे म्हणणे होते.

मला त्यांचे म्हणणे अर्धे पटले. शिक्षिका नसताना शिक्षिका म्हणवून घेतले की पालक महिन्याभरात ‘एबीसी कुठपर्यंत आली’ असे विचारू लागतात आणि दोन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल द्यावी लागते. जेवणे, झोपणे, चालणे, पडणे, बोलू लागणे या ज्या कामासाठी मूल माझ्याकडे असते, ते काम दुय्यम ठरते. दुसऱ्या बाजूने, पाळणाघर हे जागेचे नाव आहे, ते माणसाचे नाव नाही. शाळेत शिक्षिका असते, रुग्णालयात परिचारिका असते. पाळणाघरात कोण असते, याचे उत्तर मराठीत आपण काकू, मावशी, बाई असेच देत आलो आहोत. मुलांनी मला काकू म्हणावे, हे मला मनापासून आवडते आणि ते बदलावे असे मला कधीही वाटले नाही. कंपनीच्या, बँकेच्या किंवा पोलिसांच्या कागदावर मात्र काकू हे पद लिहिता येत नाही, आणि रिकाम्या जागी दुसरे कोणी बेबीसिटर लिहून टाकते.

शेवटी फलकावर पाळणाघराचे नाव लिहिले, त्याखाली ‘घरगुती पाळणाघर’ असे स्पष्ट लिहिले आणि माझ्या नावापुढे ‘बालसंगोपक’ असे पद घातले. पाटी रंगविणाऱ्याने ते ‘बालसंगोपन’ असे रंगविले होते, ते दुरुस्त करून घ्यावे लागले.

शॉप अ‍ॅक्टची पोच हाती आल्यावर मी उद्यम नोंदणीकडे वळले. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी ही नोंदणी सुरू झाली असून ती पूर्णपणे विनामूल्य आहे. तरीही शोध घेतला की शासकीय संकेतस्थळासारखीच दिसणारी आणि शुल्क मागणारी खासगी संकेतस्थळे आधी दिसतात, एवढे नव्याने अर्ज करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आधार, पॅन आणि मोबाइलवर येणारा ओटीपी यांवर काम होते. खरा विचार करावा लागतो तो आर्थिक कार्याचा संकेतांक निवडताना. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात शिक्षण हा विभाग ८५ आहे आणि निवासव्यवस्थेविना सामाजिक कार्य हा विभाग ८८ आहे. मुलांना दिवसा सांभाळण्याचे काम या दुसऱ्या विभागात येते. म्हणजे मी फी घेते, पावती देते, त्या उत्पन्नावर कर भरणार आहे, आणि तरीही माझे काम वर्गीकरणाच्या भाषेत सामाजिक कार्य आहे. ८५ निवडले तर भारदस्त दिसेल, असे मला एका परिचिताने सुचविले. पण जे काम मी करते त्याच्याच संकेतांकाखाली नोंद व्हावी, यासाठीच तर ही खटपट होती. म्हणून मी ८८ च घेतले.

माणसांच्या वर्गीकरणात ही फट अधिक रुंद आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय वर्गीकरणात मुलांची काळजी घेणारे कर्मचारी ५३११ या गटात, म्हणजे सेवा व विक्री करणाऱ्यांच्या पाचव्या विभागात येतात. पूर्वप्राथमिक वयाच्या मुलांचे शिक्षक २३४२ या गटात, म्हणजे डॉक्टर-वकिलांसह दुसऱ्या, व्यावसायिकांच्या विभागात येतात. आपल्या देशाचे २०१५ चे व्यवसाय वर्गीकरणही याच आराखड्यावर बेतलेले आहे. माझ्याकडे साडेतीन वर्षांचा एक मुलगा सकाळी येत असे, दहा ते एक बालवाडीत जात असे आणि परत माझ्याकडे येऊन संध्याकाळपर्यंत राहत असे. ते तीन तास तो दुसऱ्या विभागातील व्यक्तीच्या हाती असे, उरलेला सारा दिवस पाचव्या विभागातील व्यक्तीच्या. रंगांची नावे तो बालवाडीत शिकला. शी-शूचे सांगायला, स्वतःच्या हाताने वरणभात खायला आणि दुसऱ्याने खेळणे ओढले तर न चावता रागावायला तो माझ्याकडे शिकला. यांपैकी कोणते काम शिक्षण आणि कोणते काम सेवा, हे मला तरी सांगता येणार नाही.

आपल्या महाराष्ट्राला ही फट परकी वाटायला हवी होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हे त्यांनी बालशिक्षणापासून वेगळे मानले नव्हते. अंगणवाडी त्यातूनच आली. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि ते नाव देशभर गेले, पण तेथे काम करणाऱ्या स्त्रीला सेविका आणि मदतनीस अशी पदे मिळाली व मोबदल्याला वेतन न म्हणता मानधन म्हटले गेले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. माझ्या कागदपत्रांची जुळवाजुळव चालू असतानाच ही बातमी वाचलेली असल्याने ती माझ्या चांगली लक्षात आहे. मानधन या शब्दाच्या आड न थांबता न्यायालयाने त्या स्त्रिया काय काम करतात आणि त्यांच्यावर कोणती जबाबदारी आहे, हे पाहिले.

उद्यम प्रमाणपत्र आणि शॉप अ‍ॅक्टची पोच असे दोन पुरावे झाल्याने व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडता येणार होते. बँकेतील तरुण अधिकारी सौजन्याने वागला, पण त्याच्या संगणकावर ‘स्वयंरोजगार – व्यावसायिक’ आणि ‘स्वयंरोजगार – व्यापार’ असे दोनच पर्याय होते आणि पहिल्याखाली डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, लेखापाल अशी ठरीव यादी उघडत होती. बालसंगोपक त्यात नव्हते. ‘मॅडम, व्यापार टाकतो, काही फरक पडत नाही’ असे तो म्हणाला आणि खात्यापुरता खरोखरच फरक पडला नाही. त्याच्या तोंडी काकूऐवजी मॅडम आले होते, तेही बहुधा समोर ठेवलेल्या प्रमाणपत्रांमुळे.

आयकराच्या बाबतीत या यादीचा अर्थ अधिक स्पष्ट झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या सनदी लेखापालांनीच माझे पहिले व्यवसायाचे विवरणपत्र भरून दिले. त्यांनी समजावून सांगितले की आयकर कायद्यात अनुमानित उत्पन्नाची, म्हणजे जमेचा ठरावीक हिस्सा हेच उत्पन्न मानण्याची, दोन कलमे होती. ४४एडीए हे कलम कायद्यात नमूद केलेल्या व्यवसायांसाठी होते, ज्यांत वैद्यक, वकिली, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापरीक्षण, गृहसजावट असे व्यवसाय येत. माझे काम त्यात बसत नसल्याने ते ४४एडी खाली, म्हणजे सर्वसाधारण धंद्याखाली दाखवावे लागणार होते. येथे मात्र मौज अशी की ४४एडीए खाली एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानली जाई आणि ४४एडी खाली आठ टक्के, जमा डिजिटल असेल तर सहा टक्के. सभेत ज्या शब्दाने मला कमी लेखले गेले होते, तोच धंदा हा शब्द करासाठी कितीतरी सोयीचा होता. गृहसजावट हा व्यवसाय आणि बालसंगोपन हा धंदा, ही विभागणी मला आजही उलटी वाटते; पण त्या वर्षी तरी मी तिच्याविरुद्ध तक्रार केली नाही.

व्यावसायिक सन्मानाची गोष्ट निघाली की आमच्या गटात परिचारिकांचे उदाहरण हमखास दिले जाते. २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘स्टाफ नर्स’ हे पदनाम बदलून ‘नर्सिंग ऑफिसर’ केले, तसे आपल्यासाठीही कोणी करावे, अशी काही जणींची इच्छा असते. परिचारिकांच्या मागे परिचर्या परिषद आहे, ठरलेला अभ्यासक्रम आहे, नोंदणी क्रमांक आहे. नोंदणीवाचून कोणी स्वतःला परिचारिका म्हणवून काम करू शकत नाही. पाळणाघर चालविणाऱ्यांची अशी परिषद नाही. उद्या कोणीही, काहीही न शिकता, माझ्यासारखीच पाटी रंगवून घेऊ शकतो. म्हणून पदनाम मागण्याआधी प्रथमोपचार, बाळाचा श्वास कोंडल्यास करावयाचे उपाय आणि मुलांच्या वाढीचे टप्पे एवढे तरी प्रशिक्षण प्रत्येकीने घेतलेले असावे, असा आग्रह मी धरला. त्यावर सर्वांचे एकमत झाले नाही. ज्यांनी आपली तीन आणि दुसऱ्यांची तीस मुले वाढविली त्यांना प्रमाणपत्र कशाला, हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंना मला उत्तर देता आले नाही, तरी माझे मत बदललेले नाही.

कागद पूर्ण झाल्यावर मी कंपनीच्या त्या अर्जात पदनाम लिहिले आणि शिक्का मारून दिला. पैसे त्या आईला मिळू लागले. पालकांच्या वागण्यात खरा फरक पडला तो फलकाने किंवा पदनामाने नव्हे, तर त्याच वेळी मी तयार केलेल्या करारनाम्याने. नोंदणी झाल्यावर पावतीपुस्तक आले, आणि पावती देऊ लागल्यावर ती कशाची, हे लिहिणे भाग पडले. तोपर्यंत मूल चार दिवस आले नाही तर चार दिवसांचे पैसे कापून देण्याची पद्धत होती. संध्याकाळी सातऐवजी साडेआठला येऊन ‘मीटिंग लांबली’ एवढे म्हणणे पुरत असे. दिवाळीत मी चार दिवस बंद ठेवले तर ‘तुम्ही तर घरीच असता ना’ असे ऐकावे लागे. करारात मी लिहिले की फी ही मुलासाठी राखून ठेवलेल्या जागेची आहे, हजेरीची नाही. सातनंतर प्रत्येक अर्ध्या तासाला वेगळा आकार पडेल. वर्षातील सुट्यांची यादी जूनमध्ये दिली जाईल आणि त्या भरपगारी असतील. ताप असलेले मूल त्या दिवशी घेतले जाणार नाही. मूल काढायचे असल्यास एक महिना आधी कळवावे लागेल आणि मला ठेवायचे नसल्यास मीही तेवढीच मुदत देईन. मुलाला कोण घेऊन जाऊ शकते, त्यांची नावे व छायाचित्रे जोडण्याचे पानही त्यातच आहे.

एका वडिलांनी तो वाचून ‘काकू, तुम्ही एकदम प्रोफेशनल झालात’ असे म्हटले; त्यात कौतुक किती आणि नाराजी किती, हे मला नीट कळले नाही. दोन कुटुंबांनी मुले काढून घेतली. एकांना सुट्यांची अट मान्य नव्हती, आणि दुसऱ्यांनी काहीही कारण न देता येणे थांबविले. उरलेल्यांनी सही केली आणि पुढच्या महिन्यापासून संध्याकाळी सात वाजता दारात माणसे दिसू लागली. साडेआठला येणाऱ्या आईने पहिल्याच उशिराचे पैसे न मागता पाठविले आणि खाली ‘सॉरी मॅम’ असे लिहिले. मला मॅम म्हणवून घ्यायचे नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा काकूच म्हटले, पण सात वाजता येऊन म्हटले.

एक बाब उरली होती. उद्यमच्या अर्जात काम करणाऱ्यांची संख्या विचारली होती आणि मी ‘स्त्रिया – २’ असे भरले होते. दुसरी स्त्री म्हणजे माझी मदतनीस. सकाळी आठ ते चार ती मुलांचे लंगोट बदलते, त्यांना भरविते, झोपविते. पालक तिला मावशी किंवा नुसतेच ‘तुमची बाई’ म्हणतात. माझ्या पदाचा प्रश्न सुटला, तेव्हा तिच्या पदाचा प्रश्न आपोआप पुढे आला. तिची पोलीस पडताळणी करून घेतली, पगार रोख न देता खात्यात देऊ लागले, भरपगारी रजा ठरविल्या आणि नेमणूकपत्रात ‘सहायक बालसंगोपक’ असे लिहिले. पत्र तिने मुलीकडून वाचून घेतले आणि जपून ठेवले.

पण असंघटित कामगारांसाठी असलेल्या ई-श्रम कार्डाचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा ती माझ्यापेक्षा अधिक व्यवहारी निघाली. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या त्या नोंदणीतही व्यवसाय विचारतात आणि मी मुलांची काळजी घेणारी कर्मचारी हा पर्याय निवडणार होते. तिने मला थांबविले. संध्याकाळी ती आणखी दोन घरी धुणीभांडी करते आणि महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळात तिची नोंद आहे. वयाची ५५ वर्षे पूर्ण झालेल्या नोंदीत घरेलू कामगारांना मंडळाकडून १०,००० रुपये सन्मानधन मिळते, हे तिला नेमके ठाऊक होते आणि तिला ५५ पूर्ण व्हायला फार काळ राहिला नव्हता. एका कागदावर एक आणि दुसऱ्या कागदावर दुसरे काम दिसले तर उद्या कोणीतरी खोडा घालील, अशी तिला भीती होती. ती भीती निराधार आहे असे मी तिला ठामपणे सांगू शकले नाही. तिच्या सांगण्यावरून ई-श्रमच्या अर्जात आम्ही घरकामगार असेच भरले. सहायक बालसंगोपक हे पद माझ्या नेमणूकपत्रावर, पगाराच्या नोंदवहीत आणि पालकांना दिलेल्या माहितीपत्रकात आहे. सन्मानधनाचा अर्ज करायची वेळ आली की कोणता कागद पुढे करायचा आणि कोणता घरी ठेवायचा, हे तिने आत्ताच ठरवून ठेवले आहे.